पट्टी

वडिलांच्या पश्चात त्यांची कागदपत्रे लावायला बसले तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी, खाकी पाकिटांच्या गठ्ठ्याखाली, पट्ट्यांचे एक बाड सापडले. सुतळीने बांधलेले. वरच्या चार-सहा कागदांना वाळवी लागलेली, आतले मात्र शाबूत. शहरातल्या वाचकांना पट्टी म्हणजे काय ते सांगायला हवे. कोकणातला बागायतदार आंब्याच्या पेट्या मुंबईच्या दलालाकडे पाठवतो. तो त्या विकतो, आणि किती पेट्या कोणत्या भावाने गेल्या, त्यातून काय काय वजा झाले आणि हाती काय उरले याचा एक हिशेब टपालाने परत पाठवतो. ती पट्टी. हल्ली ती मोबाइलवर येते. अण्णांच्या वेळी ती पोस्टमन आणीत असे, आणि मे महिन्याच्या दुपारी घराच्या पडवीत पट्टी उघडली जाई तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

आमचे गाव नाटे, तालुका राजापूर. मराठीच्या प्राध्यापिकेला हे गावाचे नाव फार छळते. त्याला विभक्तीचा प्रत्यय लागला की ते 'नाट्याला', 'नाट्याचे' असे होते आणि ऐकणाऱ्याला वाटते, बाई नाट्यशास्त्रावर बोलताहेत. असो. जैतापूरच्या खाडीच्या मुखाशी हे गाव आहे; खाडीवर यशवंतगडाचे अवशेष, पुढे मुसाकाजीचे बंदर, आणखी पुढे आंबोळगड. मागे जांभ्याचा सडा. या सड्यावर आमच्या आजोबांनी सुरुंग लावून कातळात खड्डे पाडले, खालून डोक्यावरून माती आणून ते भरले आणि त्यात हापूसची कलमे लावली. पहिल्या खेपेला साठ, पुढे अण्णांनी पन्नास. एकशेदहा कलमांची ही बाग. आजोबांच्या काळी आंबा बोटीने मुंबईला जाई; अण्णांच्या काळी ट्रकने. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण आमच्या आंब्याच्या प्रवासात तिने फारसा फरक केला नाही. ती माणसे मात्र पुष्कळ घेऊन गेली, त्यांत मीही एक.

बाडातली एक पट्टी मी वेगळी काढून ठेवली आहे. १९९९ च्या मे महिन्यातली. त्या जूनमध्ये मी एम. ए.साठी पुण्याला गेले. चोवीस पेट्या. सहा पेट्या चारशे रुपयांनी, दहा सव्वातीनशेने, आठ अडीचशेने. एकूण सात हजार सहाशे पन्नास. इथवर वाचताना कोणालाही आनंदच वाटेल. मग वजावट सुरू होते. दलाली दहा टक्के, सातशे पासष्ट. मोटारभाडे सातशे वीस. हमाली एकशेवीस. टपाल व किरकोळ पंचेचाळीस. बाकी सहा हजार. त्याखाली एकच ओळ, वळणदार अक्षरात: 'उचल वजा ४,०००'. आणि तळाशी 'बाकी देणे २,०००'. त्या दोन हजारांच्या बाजूला अण्णांनी पेन्सिलीने माझे नाव लिहिले आहे.

म्हणजे माझी वसतिगृहाची पहिली फी ही चोवीस पेट्यांची होती. पाच डझनांची पेटी धरली तर चौदाशे चाळीस आंबे. मला हे तेव्हा ठाऊक नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. अण्णांच्या पत्रात 'पट्टी आली की पाठवतो' हे वाक्य इतक्या वेळा येई की मला ते पत्राच्या मायन्यासारखे वाटू लागले होते. त्या वाक्याचा अर्थ ठाऊक होता; त्याचे गणित ठाऊक नव्हते.

'उचल' हा शब्द या सगळ्या व्यवहाराची किल्ली आहे. आंब्याचा हंगाम फार तर तीन महिन्यांचा. खर्च मात्र बारा महिन्यांचा. पावसाळ्यात खत घालायचे, ऑक्टोबरपासून मोहोराची वाट पाहत फवारण्या सुरू करायच्या, तुडतुड्यासाठी एक, भुरीसाठी एक, अवेळी पाऊस आला की धुऊन गेली म्हणून पुन्हा एक. अलीकडे फुलकिड्यांनी त्यात भर घातली आहे. मग राखण, मग काढणी, मग खोकी आणि गवत. हा पैसा बागायतदाराकडे नसतो. तो दलाल देतो. व्याज उघडपणे घेतले जातेच असे नाही. पण ज्याची उचल घेतली त्याच्याच गाळ्यावर आंबा घालावा लागतो, आणि तो ज्या भावाने विकेल त्या भावाला मान डोलवावी लागते. शिवाय तो भाव कसा ठरला हे पाहण्याची सोय नसे. दलाल आणि खरेदीदार यांनी एकमेकांचे हात धरायचे, वर रुमाल टाकायचा आणि बोटे दाबून सौदा करायचा ही त्या बाजाराची जुनी रीत. लहानपणी एकदा अण्णा मला मुंबईला घेऊन गेले होते तेव्हा मी ती पाहिली. मला तो जादूचा प्रयोग वाटला. अण्णा माझ्या शेजारी उभे होते, आपल्याच पेट्यांपासून चार हातांवर, आणि त्या रुमालाखाली काय चालले आहे हे त्यांनाही माझ्याइतकेच कळत होते.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी तौलनिक साहित्याच्या निमित्ताने 'मॅक्स हॅवेलार' ही डच कादंबरी इंग्रजीतून वाचली. मुल्टाटुली या टोपणनावाने एडुआर्ड डाउवेस डेकर याने लिहिलेली, १८६० सालची. डेकर जावा बेटात डच सरकारचा अधिकारी होता. तिथल्या रयतेची पिळवणूक पाहून, तिच्याविरुद्ध तक्रार करून, वरिष्ठांनी दाद न दिल्याने १८५६ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि मग ही कादंबरी लिहिली. जावातल्या शेतकऱ्याला १८३० पासून आपल्या जमिनीच्या काही भागात सरकारला हवी ती निर्यातीची पिके लावावी लागत, आणि त्यांची किंमत सरकार ठरवी. कॉफी त्यांतले प्रमुख पीक. पण गंमत अशी की कादंबरी जावात सुरूच होत नाही. ती सुरू होते ॲमस्टरडॅममध्ये, एका कॉफीच्या दलालाच्या तोंडून. आपला धंदा आणि आपल्या घराचा पत्ता सांगून तो बोलू लागतो. त्याचे नाव ड्रोगस्टोपेल, म्हणजे जवळजवळ 'वाळका खुंट'. त्याला कवितेचा तिटकारा आहे, सत्य आणि सचोटी यांवर त्याची फार भक्ती आहे, आणि जावाचा माणूस उपाशी का मरतो हा प्रश्न त्याला कधी पडत नाही. तो वाईट माणूस नाही, हेच त्या पुस्तकाचे मोठेपण. तो फक्त हिशेबाच्या या टोकाला बसलेला आहे.

तेव्हा मी या कादंबरीवर जो निबंध लिहिला त्यात निवेदनतंत्राची भरपूर चर्चा होती. एकात एक गुंफलेले निवेदक, उपरोध, लेखकाने शेवटी स्वतः पुढे येऊन पात्रांना बाजूला सारणे, वगैरे. चांगले गुण मिळाले. आपल्या घरी येणाऱ्या पट्टीचा आणि या दलालाचा काही संबंध असेल असे त्या निबंधात एका शब्दानेही आलेले नाही. आज तो निबंध वाचला तर मला तो ड्रोगस्टोपेलनेच लिहिला आहे असे वाटेल.

या कादंबरीच्या नावाने पुढे, १९८८ मध्ये, हॉलंडमध्ये कॉफीच्या पुड्यावर एक शिक्का आला: मेक्सिकोतल्या लहान उत्पादकांना ठरलेला किमान भाव दिला आहे याची ग्वाही देणारा. त्याच्या पुढच्याच वर्षी, जुलै १९८९ मध्ये, कॉफीचा भाव सावरून धरणारा आंतरराष्ट्रीय करार मोडला आणि जगभर भाव कोसळले. आपल्याकडे कॉफी म्हणजे मुख्यतः कोडगू, चिकमगळूर. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला थोडीफार आहे. तिथल्या मळेवाल्यांना कित्येक दशके आपली सगळी कॉफी सरकारी कॉफी बोर्डाकडेच द्यावी लागे. बोर्ड ती एकत्र विकून हप्त्याहप्त्याने पैसे देई. ही सक्ती १९९६ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपली. ती पद्धत चांगली होती की वाईट यावर अर्थशास्त्राचे आमचे सहकारी तासभर वाद घालू शकतात. मला त्यातले एवढेच दिसते की कॉफीला मिळणाऱ्या पैशाचा प्रश्न कोणाच्या तरी टेबलावर होता. हापूसच्या वाट्याला टेबल आले नाही, काव्य मात्र उदंड आले. मोहोराचा वास, आढीतला सुगंध, समुद्राचा वारा. कोकणच्या ललित गद्यात, काही सन्माननीय अपवाद सोडले तर, बाग आहे पण बागेचा हिशेब नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना शेतकऱ्याच्या घरची जमाखर्चाची बाजू मांडली, त्याला आता एकशेचाळीस वर्षे उलटून गेली. आम्ही मराठीचे शिक्षक ते पुस्तक 'वैचारिक गद्य' या कप्प्यात ठेवतो आणि ललित गद्य शिकवायला दुसरा तास घेतो.

हे सगळे आज सुचण्याचे कारण वाङ्मयीन नाही. अण्णा गेल्यावर सातबाऱ्यावर आईचे, दादाचे आणि माझे नाव लागले. २००५ मध्ये कायदा बदलला नसता तरी लागले असते, पण त्या बदलामुळे आता गावात तलाठ्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना लेकीच्या नावाची सवय झाली आहे. गेल्या वर्षी दिवाळीत दादाने एक कागद पुढे ठेवला. संमतीपत्र. सड्यावरची बाग विकत घ्यायला एक गिऱ्हाईक आले होते. तिथून समुद्र दिसतो. त्याने सांगितलेला आकडा मी इथे लिहीत नाही. तो बँकेत ठेवला तर त्याचे नुसते व्याज बागेच्या उत्पन्नाच्या कित्येक पट होईल एवढे पुरे.

मी पटकन म्हणाले, "दादा, अण्णांची बाग विकायची?"

त्याने उत्तर दिले नाही. आत जाऊन एक वही आणली. तो बारावीनंतर शिकला नाही, कारण आमच्या दोघांपैकी एकानेच शिकणे त्या पट्ट्यांत बसत होते. आणि गुण मला जास्त होते. वहीत २०२४ च्या हंगामाचा हिशेब होता. एकशेऐंशी पेट्या. दलाली, भाडे वजा जाता पेटीला सरासरी चौदाशे रुपये पडले. दोन लाख बावन्न हजार. खर्चाच्या बाजूला कल्टार, खत, सात फवारण्या, पंपाचे डिझेल, खोकी, आणि ऑक्टोबर ते मे बागेत राहणाऱ्या नेपाळी जोडप्याचा पगार. दोन लाख अकरा हजार. उरले एकेचाळीस हजार.

"यात माझी आणि वहिनीची मजुरी धरलेली नाही," तो म्हणाला. "आता तू सांग."

माझा एका महिन्याचा पगार त्याहून पुष्कळ अधिक आहे. हे त्याला ठाऊक होते. त्याने ते बोलून दाखवले नाही आणि मीही बोलले नाही.

तरी ते वर्ष बरे होते. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडावरचा उरलेला आंबा एका रात्रीत खाली आला, नऊ कलमे मुळासकट गेली. कातळावरच्या झाडाचे मूळ खोल जात नाही. त्याआधीच्या वर्षी टाळेबंदी. पंचनामे झाले, थोडी भरपाई आली. कलम मोठे व्हायला पंधरा वर्षे लागतात, ही गोष्ट पंचनाम्याच्या रकान्यात मावत नाही. जमिनीचे मोल कागदावर कसे उतरते हे आमच्या भागाने एकदा चांगले पाहिले आहे. जैतापूर अणुप्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे परिसरातली जमीन घेतली गेली तेव्हा ती पडीक, नापीक असल्याचे सांगितले जाई आणि लोक आंबा-काजूची झाडे दाखवीत. १८ एप्रिल २०११ ला नाट्यात पोलिसांचा गोळीबार झाला, साखरीनाट्यातला एक तरुण मच्छीमार गेला. मी त्या दिवशी पुण्यात परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होते. संध्याकाळी फोन लागला तेव्हा आईने पहिले वाक्य उच्चारले ते असे, की उद्या काढणीला माणसे येणार नाहीत.

उपाय झाले नाहीत असे नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. उचल मात्र नियमनात कधी नव्हतीच, त्यामुळे ती मोकळी होण्याचाही प्रश्न नव्हता. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव. तरीही कर्नाटकातला आंबा 'देवगड' छापलेल्या खोक्यात बसून सुखाने विकला जातो. आणि त्याच सुमारास वाशीच्या बाजारात नोव्हेंबर-डिसेंबरात हापूस दिसू लागला, तो आफ्रिकेतल्या मलावीचा. कोकणातून नेलेल्या कलमांपासून तिथे वाढवलेला. दादाला हे सांगितले तेव्हा तो हसला. "त्यांना तरी पेटीमागं काय पडतं, विचार कोणाला तरी," म्हणाला. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. आमच्या घरात मुल्टाटुली मी वाचला होता आणि प्रश्न त्याला पडला.

मी सही केली नाही. नकारही दिला नाही. एक हंगाम थांब, म्हणाले, थोडा आंबा माझ्याकडे पाठव, मी विकते. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुम्हाला जमायचं नाही." त्यांच्या आवाजात उपहास नव्हता, काळजी होती.

मग २०२५ च्या मे महिन्यात पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत दोन डझनी चाळीस खोकी आली. ऐंशी डझन आंबा. पलंगाखाली पेंढा, जेवणाच्या टेबलाखाली पेंढा. आढी लावणे म्हणजे काय हे मी लहानपणापासून पाहिले होते, पण रोज रात्री एकेक फळ हातात घेऊन पाड लागला का पाहायचे, पिकलेले वर काढायचे, डागाळलेले बाजूला करायचे, याला दोन तास लागतात हे कंबरेने सांगितले. डझनाला सातशे रुपये भाव ठेवला. आमच्या विभागातल्या, एरवी ग्रामीण साहित्यातल्या शोषणावर पोटतिडकीने बोलणाऱ्या एका सहकाऱ्यांनी "घरचाच आहे ना, मग सहाशेला द्या" असे म्हटले तेव्हा मला राग आला नाही. आपणही दुसऱ्या कोणाच्या घरच्या ज्वारीबद्दल असेच म्हटले असेल असे वाटले. साक्याच्या तक्रारी आल्या. हापूसचा हा दोष वरून दिसत नाही. फळ कापले की आत पांढरट, रबरासारखा, आंबूस गर. तो शेतकऱ्याचा दोष नव्हे हे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. सहा डझन बदलून दिले.

शेवटचे खोके गेले त्या रात्री हिशेबाला बसले. एकूण छप्पन्न हजार. मोटारभाडे चार हजार. साक्यापोटी चार हजार दोनशे. बाकी सत्तेचाळीस हजार आठशे. हाच आंबा सोळा पेट्या होऊन मुंबईला गेला असता तर बावीस हजार चारशे आले असते. म्हणजे दुपटीहून जास्त. मी काही वेळ त्या आकड्याकडे अभिमानाने पाहत बसले. मग लक्षात आले की बागेत नऊशे डझन आंबा होतो, आणि उरलेल्या आठशेवीस डझनांना माझा पलंग पुरणार नाही. गावातली काही मुले एकत्र येऊन पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत थेट आंबा पोचवतात. टाळेबंदीच्या वर्षी ही वाट पडली आणि नंतर काहींनी ती मोडली नाही. त्यांना निदान तरुण कंबरा आहेत. पण पावसाळ्यातल्या खताचे आणि ऑक्टोबरातल्या पहिल्या फवारणीचे पैसे सोसायटीतले गिऱ्हाईक देत नाही. ते मी दिले तर? म्हणजे मग मीही उचल देणार आणि मेमध्ये वजा करणार. हा विचार आला तेव्हा मी वही मिटली.

तरी हिशेब कळवायचा होता. कोऱ्या कागदावर, अण्णांच्या बाडातल्या कागदांसारखीच, मी एक पट्टी लिहिली. वर तारीख, खाली खोकी, भाव, एकूण, मग वजावट, मग बाकी देणे. पैसे बँकेत भरले आणि कागदाचा फोटो दादाला पाठवला. संमतीपत्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. गिऱ्हाईक अजून विचारते आहे, असे आई सांगते.

रात्री उशिरा दादाचा फोन आला. रक्कम पाहिली, म्हणाला, बरी आहे. मग थोडा वेळ थांबला. मागे झाडीत कोणीतरी माकडे हाकलीत होते.

"हमाली लावली नाहीस तू," तो म्हणाला. "एकशेवीस तरी लाव. चौथ्या मजल्यावर चढवलीस ना खोकी?"